सायकल सोडा म्हणणारांस

माणसाचं हाड मोडलं की त्याच्यावरची मालकी बदलते. तोवर तो स्वतःचा असतो, मोडल्यावर तो सर्वांचा होतो. हाड डॉक्टर जोडतात, पण माणूस नातेवाईक वाटून घेतात. कोणी त्याच्या पथ्याचा ताबा घेतो, कोणी झोपेचा, कोणी त्याने संडासात कडी लावावी की नाही या प्रश्नाचा. माझ्या बाबतीत सर्वांनी मिळून माझ्या सायकलीचा ताबा घेतला. हा लेख त्या ताब्याविरुद्ध आहे. मी, वय वर्षे चौसष्ट, धंदा निवृत्त मास्तरकी, राहणार जुना जालना, उजव्या नडगीत एक रॉड व चार स्क्रू, अकरा महिन्यांच्या खंडानंतर पुन्हा सायकल चालवू लागलो आहे आणि पुढेही चालवणार आहे. ज्यांना हे पसंत नाही त्यांनी पुढचा मजकूर दोनदा वाचावा.

सर्वांत आधी एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती गावात कोणीच नोंदवायला तयार नाही. मी सायकलवरून पडलो नाही. मी न्हाणीघरात पडलो. साबणाच्या पाण्यावरून पाय गेला आणि नडगीचे दोन तुकडे झाले. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्याच वर्षी मी ही ॲटलास घेतली. जिल्हा आणि सायकल दोघेही एकाच वयाचे. तेवढ्या काळात सायकलीने मला शाळेत नेलं, बाजारात नेलं, एकदा तर भर उन्हात अंबडला मत्स्योदरीच्या दर्शनाला नेऊन आणलं, पण माझं एक हाडसुद्धा दुखावलं नाही. न्हाणीघराने मात्र एका सकाळीच काम उरकलं. आता न्यायाने पाहिलं तर बंदी कशावर यायला हवी? पण भेटायला आलेल्या शंभर माणसांत "गुरुजी, आता आंघोळ सोडा" असं म्हणणारा एकही निघाला नाही. सगळे म्हणाले, "आता सायकल सोडा." खून एकाने करावा आणि फाशी दुसऱ्याला, असा हा खटला आहे. आणि आरोपी तिकडे जिन्याखाली धूळ खात उभा.

बरं, जालन्यात पायात रॉड घालून घेणं ही गोष्टसुद्धा साधी नाही. आमचं गाव सळयांचं. "जालना सोने का पालना" ही म्हण जुनी झाली. आता पाळण्यातल्या मुलालासुद्धा आठ, दहा आणि बारा एमएममधला फरक कळतो. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये देशभरचं भंगार येऊन पडतं आणि लालभडक होऊन सळई बनून बाहेर निघतं. त्यामुळे मला रॉड टाकल्याची बातमी फुटताच भेटायला येणाऱ्यांनी प्रकृतीची चौकशी नंतर केली. पहिला प्रश्न, "किती एमएमचा?" मी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. म्हटलं, "नऊ." समोरचा गृहस्थ बांधकामाच्या मालाचा दुकानदार. तो विचारात पडला. "नऊ? नऊ येतच नाही. आठ येतो, नाहीतर दहा. तुम्हाला फसवलं, गुरुजी." त्यानंतर आठवडाभर गल्लीत माझ्या पायापेक्षा माझ्या रॉडाच्या मापाची चिंता जास्त होती. एकाने तर सळईला पीळ आहे की गुळगुळीत आहे असंही विचारलं. गुळगुळीत सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. "सिमेंट धरणार नाही," म्हणाला.

पण या रॉडाचा इतिहास कोणी वाचलेला नाही, म्हणून मला लिहावा लागतो. हाडाच्या पोकळीत लांब खिळा ठोकून ते जोडायची आजची पद्धत गेरहार्ड क्युंचर नावाच्या एका जर्मन सर्जनने १९३९–४० च्या सुमारास सुरू केली. त्याआधी मांडी मोडलेला माणूस महिनोन् महिने पायाला वजनं लटकवून पलंगावर उताणा पडायचा. क्युंचरचा सगळा खटाटोप होता तो माणूस लवकर उठावा, चालावा, कामाला लागावा यासाठी. म्हणजे माझ्या पायात जी वस्तू बसवली आहे ती मुळात उठण्यासाठी शोधलेली आहे. ती पायात असल्याचं कारण सांगून मला झोपवून ठेवणं म्हणजे छत्री आहे म्हणून पावसात जाऊ नका म्हणण्यासारखं आहे.

डॉक्टरांना हे माहीत होतं. सहाव्या महिन्यात त्यांनी फोटो उजेडाकडे धरला, हाडावर आलेली गाठ पाहिली आणि म्हणाले, "जुळलं छान. आता हळूहळू सायकल सुरू करा. गुडघ्याला त्याच्यासारखं औषध नाही." कारणही त्यांनी समजावून सांगितलं. चालताना सबंध अंगाचा भार पायावर येतो. सायकलवर तो बराचसा सीट सोसते आणि गुडघा मात्र भार न घेता वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. महिनोन् महिने आखडलेल्या सांध्याला हवं असतं ते हेच. मी खुशीत घरी आलो आणि ही बातमी सांगितली. सौ. शांतपणे म्हणाली, "डॉक्टरला काय जातं सांगायला?"

या वाक्यापुढे वैद्यकशास्त्र संपतं. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर म्हणजे देव होते. बिल भरताना ते माणूस झाले. सायकलीला परवानगी दिली तेव्हा एकदम बाहेरचे कोणीतरी झाले.

तडजोड म्हणून मला व्यायामशाळेत पाठवण्यात आलं. तिथे एक सायकल आहे. तिला चाक एकच, तेही जमिनीला न लागणारं. तिच्यावर बसून पंधरा मिनिटं पेडल मारायचं आणि जिथे होतो तिथेच उतरायचं. समोर आरसा, म्हणजे आपण कुठे गेलो नाही याची खात्री व्हावी. याचे महिन्याला पैसे पडतात. सौ.ला ही सायकल मान्य होती. मुलाला मान्य होती. मेहुण्यालाही मान्य होती. जी सायकल कुठेही जात नाही ती आरोग्याची आणि जी दूध आणते ती धोक्याची, असा हा नवा आयुर्वेद आहे. एक महिना मी त्या यंत्रावर काढला. हिशेबाने मी जालन्याहून निघून परभणीच्या आसपास कुठेतरी पोचलो असेन, पण परत येताना रोज रिक्षाच करावी लागली.

मेहुण्याचं नाव निघालं आहे तर त्यांचाही समाचार घेऊन टाकतो. ते संभाजीनगरला असतात. तिथून दर रविवारी फोन येतो. "दाजी, आता हे वय आहे का? एखादी बॅटरीवरची गाडी घ्या ना." मुलगा पुण्याला. त्याचंही हेच. ज्या पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत, त्या पुण्यातून तो मला सायकल सोडण्याचा उपदेश करतो आणि करताना गाडीत बसून चौकात अडकलेला असतो. मागचे हॉर्न मला इथे ऐकू येतात. शेजारचे अण्णा मूळचे भोकरदनकडचे, ते आडपडदा ठेवत नाहीत. ओट्यावरून विचारतात, "गुरुजी, कामून चालवायलेत सायकल? पेन्शन बंद झाली का?"

खरं दुखणं अण्णांच्या या प्रश्नात आहे, म्हणून मी अण्णांना मानतो. बाकीचे माझ्या हाडाबद्दल बोलतात, पण मनात त्यांच्या आहे ती माझी इभ्रत. आमच्याकडे सायकल म्हणजे ज्याला दुसरं काही परवडत नाही त्याचं वाहन. पोरगं दहावीला गेलं की त्याची सायकल सुटते, आणि निवृत्त माणसाने पुन्हा ती धरली की फंडाचे पैसे पोराने उडवले असा बोभाटा होतो. पेट्रोल लिटरला शंभरावर गेलं, तरी ते जाळून कोपऱ्यावरची कोथिंबीर आणणं प्रतिष्ठेचं, आणि फुकटात आणणं लाजेचं! मुलाला माझ्या गुडघ्याची काळजी आहे, हे मी नाकारत नाही. पण "तुमचे बाबा सायकलवर दिसले" हे वाक्य कोणीतरी त्याला फोनवर सांगतं आणि तो लगेच मला फोन करतो, तेव्हा त्या काळजीत गुडघा किती आणि लोक किती, याचा हिशेब मी इतक्या वर्षांच्या अनुभवावर करू शकतो.

आणि "सावधान"! अकरा महिने या शब्दाने माझा पिच्छा पुरवला आहे. समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली त्यांचा जन्म झाला. लग्नाला उभं केलेलं असताना भटजींनी "सावधान" म्हटलं आणि बारा वर्षांचा नारायण मांडवातून पळाला तो थेट नाशिकला, ही कथा आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असते. समर्थांनी तो शब्द एकदाच ऐकला. मी सकाळी चपला घालताना ऐकतो, जिना उतरताना ऐकतो, फाटकाची कडी काढताना ऐकतो. एकदा ऐकून माणूस नाशिकपर्यंत जातो, तर इतक्या वेळा ऐकून मी निदान मोती तलावापर्यंत गेलो तर कोणाचं काय बिघडतं?

आमच्याच जिल्ह्यातल्या असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. त्या दिवशी त्याच्या मांडीखालचा एक घोडा ठार झाला आणि दुसरा भाल्याने जखमी झाला. तो प्रत्येक वेळी नव्या घोड्यावर बसला. आपली बाजू त्या दिवशी हरली, त्याची बरीच कारणं इतिहासकारांनी दिली आहेत. मला एकच दिसतं. वेलस्लीचे मेहुणे तिथे हजर नव्हते.

मेहुण्यांवरून आठवलं. ग्रेग लेमाँड नावाचा एक अमेरिकन सायकलपटू. १९८७ साली शिकारीला गेला असता मेहुण्याच्या बंदुकीतून चुकून सुटलेले छर्रे त्याच्या अंगात घुसले. तो मरता मरता वाचला. तीसेक छर्रे काढणं धोक्याचं म्हणून आतच ठेवले. ते घेऊनच तो पुन्हा सायकलवर बसला आणि १९८९ साली फ्रान्सची ती जगप्रसिद्ध शर्यत जिंकला. तीन आठवड्यांच्या शर्यतीत अंतर किती, तर आठ सेकंदांचं! मी ही हकीकत मेहुण्यांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, "दाजी, तो तरुण होता." मी म्हटलं, "होय, आणि त्याच्या मेहुण्याने नुसत्या फोनवर भागवलं नाही."

तरुणांचं उदाहरण चालत नसेल तर म्हाताऱ्याचं घ्या. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या काळी असा रोगी काचेच्या बरणीसारखा जपून ठेवत. त्यांना पाहायला आलेले डॉक्टर पॉल डडली व्हाइट मात्र म्हणाले, माणसाला हलू द्या, चालू द्या. हे व्हाइट स्वतः सायकलचे एवढे भोक्ते की म्हातारपणीही ते सायकल चालवत आणि देशभर तिचा प्रचार करत हिंडत. आमचे डॉक्टरही काही मागे नाहीत. नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच एकट्याने पुरी केली. पाहा, समर्थ म्हटला की तो निघतोच. डॉक्टर मंडळी स्वतः अमेरिका ओलांडतात आणि मी कुंडलिकेचा पूल ओलांडायचा म्हटला की घरात बैठक बसते.

आता थोडं गंभीर. मला एक थोरले भाऊ होते. तेही सायकलवाले. बाजारसमितीत हिशेब लिहीत. सत्तरीच्या अलीकडे त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. साधं ऑपरेशन, पंधरा दिवसांत ते हिंडूफिरू लागले. पण घरच्यांनी ठरवलं की आता सायकल नको. काळजीनेच ठरवलं, दुसरं काही नाही. दादा कोणाला दुखवणारे नव्हते. ते 'बरं' म्हणाले. सायकल भंगारवाल्याला दिली. रोज गावाच्या दुसऱ्या टोकाला मित्रांकडे पत्ते खेळायला जाणारे दादा मग मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊ लागले. पुढे ते लांब वाटू लागलं, म्हणून कोपऱ्यावरच्या पानाच्या ठेल्यापर्यंत. मग ओट्यापर्यंत. मग ओटा उंच वाटू लागला. शेवटची दीड वर्षं ते खाटेवर होते, आणि कोणालाही विचारा, त्यांना आजार असा काही नव्हता. आमच्या गावातलं भंगार कुठे जातं ते मी वर लिहिलंच आहे. दादांची सायकल वितळून तिची सळई झाली असेल आणि ती कोणाच्या तरी स्लॅबमध्ये बसली असेल. सळई कामाला लागली. दादा नाही लागले.

म्हणून कोणी "आराम करा" म्हणालं की मला रागच येतो. काळजी करणाऱ्याला वाटतं, आपण अपघात टाळला. त्याने काय टाळलं ते दिसत नाही, आणि काय घडवलं तेही दिसत नाही, कारण ते सावकाश घडतं.

धोका नाही असं मी म्हणत नाही. संभाजीनगरच्या रस्त्याला सळया भरलेले ट्रक धावतात, मागे हातहातभर टोकं बाहेर आलेली आणि त्यांना लाल चिंधी बांधलेली. त्या चिंधीमागे सायकलवरून जाताना माझ्या पायातल्या सळईला माहेर आठवतं, इतकी ती थरथरते. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा उघडला. त्याच्यावर सायकलीला बंदी, आणि ती योग्यच आहे, दीडशेच्या वेगात मला तरी कुठे जायचंय? पण इतक्या पैशांत गावातल्या रस्त्याकडेला दोन हात रुंदीची एक पट्टी कोणालाच सुचली नाही. २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पाटी मोठी झाली, सायकल टेकवायला जागा तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. पहाटे भट्ट्यांवर कामाला जाणारे मजूर सायकलीवरूनच जातात. कोणी बिहारचा, कोणी उत्तर प्रदेशचा, हँडलला डबा. त्यांना "या वयात कशाला" म्हणायला कोणी पुण्याहून फोन करत नाही. धोका रस्त्यात असेल तर रस्त्याशी भांडा. रस्त्याशी भांडायला अर्ज करावे लागतात, खेटे घालावे लागतात. म्हाताऱ्याशी भांडायला नुसता फोन पुरतो, म्हणून सगळे म्हाताऱ्याशी भांडतात.

तर अशा रीतीने सर्वांचा विरोध पत्करून मी जिन्याखालून सायकल काढली. दोन्ही चाकांतली हवा गेलेली, चेन गंजलेली. ढकलत दुकानी नेली. दुकानवाले चाचा माझ्याकडे न बघता सायकलीकडे बघत म्हणाले, "क्या गुरुजी, बहोत दिनां के बाद!" मग माझ्या पायाकडे पाहिलं. "हड्डी जुड गयी? तो चेन क्या चीज है." चाचांनी नव्या ट्यूब टाकल्या, तेल दिलं, ब्रेकचे रबर बदलले. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, आणि तो दिवस होता जागतिक सायकल दिन. ही कंपनीने केलेली थट्टा की नशिबाने, देव जाणे. पण चाचांच्या डब्यात अजून तिचे नट निघतात. पैसे विचारले तर म्हणाले, "पहले चला के देखो."

टांग मारणं जमेना. पूर्वी मी एका पेडलवर पाय ठेवून दोन ढांगा टाकत रुबाबात चढायचो. आता उजवा पाय तेवढा उचलत नाही, म्हणून सायकल तिरकी करून, ओट्याचा आधार घेऊन बसलो. अकरा महिन्यांत मांडी अशी वाळलेली की दोन पाय दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत. पहिली दहा पावलं हँडल माझं ऐकत नव्हतं, मग ऐकू लागलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चढ आहे. महानगरपालिकेच्या नकाशात तो नसेल, पण पायात रॉड असलेल्याला तो बरोबर सापडतो. अर्ध्यात दम लागला. उतरलो नाही. मागून अण्णा ओरडले, "गुरुजी, उतरा खाली!" त्यांना वाटलं मी थांबलोय. मी चालवत होतो. वेग तेवढाच होता.

चढ संपल्यावर उतार लागतो, ही गोष्ट रिक्षात बसून कळत नाही.

त्यानंतर दोन महिने झाले. आता मी रोज सकाळी दूध आणतो, मंगळवारी बाजार करतो, आणि गुडघा पूर्ण वाकतो. सौ. बोलत नाही, पण पिशवी स्वतःहून हँडलला अडकवते. मेहुण्यांचा रविवारचा फोन चालूच आहे. घाणेवाडीचा तलाव गावापासून दहाबारा किलोमीटरवर आहे. निजामाच्या काळात बांधलेला, आणि त्याचं पाणी नुसत्या उताराने गावात येतं, कोणी ढकलावं लागत नाही. पुढच्या महिन्यात तिथवर जायचा बेत आहे. ज्यांना अडवायचं असेल त्यांनी सकाळी सहाच्या आत फाटकापाशी यावं. आमच्या गल्लीत सल्ला देणारे पुष्कळ आहेत, सहाच्या आत उठणारं कोणी नाही.